भांग मधोमध पाहिजे

पहिला चट्टा आईला दिसला. मी एसटीत कंडक्टर आहे. पैठणच्या फेरीवर माझी ड्यूटी असली की आई कधीकधी आमच्या गावच्या फाट्यावर डबा घेऊन उभी राहायची. बस थांबेल तेवढ्यात डबा वर द्यायचा, दोन शब्द बोलायचे, एवढीच आमची भेट. त्या दिवशी डबा घ्यायला मी पायरीवरून खाली वाकले आणि ती म्हणाली, "कानामागं चाई पडली का गं तुला?"

मी हात मागं नेला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, गुळगुळीत. मी डबल बेल दिली. ढोरकीन येईपर्यंत माझा हात तिथंच होता.

नंतर जे व्हायचं ते झालं. आईनं लसूण ठेचून चोळायला सांगितलं, तो चोळला. कुणी कांद्याचा रस सांगितला, तोही लावला, आणि आठवडाभर प्रवासी माझ्यापासून लांब सरकून बसले. डॉक्टरांनी डोक्यात सुया टोचल्या. एकाचे चार चट्टे झाले, चार एकमेकांना भिडले आणि संक्रांतीच्या आत डोकं साफ झालं. भुवया तेवढ्या राहिल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "शरीर आपल्याच केसांशी भांडतंय. परत येतील, नाहीतर येणार नाहीत. नक्की सांगता येत नाही." मला त्यांचा राग आला. नक्की सांगता येत नसेल तर इतक्या सुया कशाला टोचल्या, असं ओठांवर आलेलं मी गिळलं.

माझे केस कमरेच्या खाली जायचे. नोकरीला लागल्यापासून रोज पहिल्या फेरीआधी तेल, मधोमध भांग आणि एक घट्ट वेणी, हे ठरलेलं. आरशात मी तोंड बघत नसे, भांग बघत असे. तो सरळ आला की दिवस सुरू झाला. आता आरशात जी बाई दिसायची ती माझ्या वडिलांसारखी दिसायची, आणि वडिलांबद्दल कितीही माया असली तरी मला तसं दिसायचं नव्हतं.

खाकी कुर्त्यावर काळा स्कार्फ बांधून मी ड्यूटीवर जायला लागले. बिडकीनच्या बाजाराच्या दिवशी गर्दीत एका म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"बस बाई इथं माझ्या जाग्यावर. कॅन्सर हाय ना तुला? माझ्या जावंला झाला व्हता."

"मला काही झालेलं नाही, आजी. चाई आहे."

"व्हय, व्हय. समदे तसंच सांगतेत."

ती काही मनगट सोडेना. मागचे लोक तिकिटासाठी ओरडायला लागले, आणि अर्धी बस माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागली की मला वाटलं आत्ताच डोक्यावरचं सोडून दाखवावं: बघा, डोकं धडधाकट आहे, फक्त वर काही नाही.

भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, वैशाखातलं, पैठणला. मी तिची एकुलती एक आत्या. पत्रिका द्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "आत्या, रागावू नको. पण तू स्कार्फ बांधून आलीस ना, तर सगळे तुझ्याकडंच बघत बसतील. तू विग का नाही घेत?"

ती वाईट बोलत नव्हती. तिचं लग्न होतं, लोकांनी तिच्याकडं बघावं असं तिला वाटत होतं, आणि तिचं बरोबर होतं. "घेते की," मी म्हणाले. विग घेणं म्हणजे चप्पल घेण्यासारखं असेल, मापाचं बघायचं आणि घालायचं, अशी माझी समजूत होती.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे. तिथं दाढ्या, मिश्या, मुकुट, गदा, सगळं मिळतं. दुकानदारानं विचारलं, "शाळेत नाटक आहे का, मॅडम?"

"नाही. घालायला पाहिजे."

"घालायलाच असतो ना मॅडम विग."

त्यानं पाच-सहा काढून काउंटरवर टाकले. एक तांबूस, एक कुरळा, एकाला कपाळावर झालर. सगळे बाहुलीच्या केसांसारखे चकाकत होते. मी म्हणाले, "भांग मधोमध पाहिजे." त्यानं एक उचलला, कंगव्यानं केस दोन्हीकडं सारले आणि मला दाखवला. मध्ये डोक्याची कातडी दिसायला पाहिजे तिथं काळी जाळी आणि शिवणीच्या ओळी होत्या, नांगरलेल्या तासांसारख्या. "हे दिसतंय," मी म्हणाले. "कोण बघतंय एवढं?" तो म्हणाला. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाईकं होती आणि चौघंही माझ्या डोक्याकडं बघत होती.

लाजेनं मी झालरवाला उचलला आणि बाहेर पडले. घरी नवऱ्याला दाखवला. ते वाळूजच्या कंपनीत शिफ्टला असतात, तेव्हा नुकतेच आले होते. बूट काढता काढता म्हणाले, "चांगला आहे." वर बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो विग घालून सवय करावी म्हणून मी स्वयंपाक केला. भाकरी उलटायला तव्यावर वाकले आणि कपाळावरची झालर तडतडून आखडली. घरभर प्लास्टिक जळाल्याचा वास. नवरा आतून ओरडला, "वायर जळाली का बघ!" मी म्हणाले, "वायर नाही, मी जळतेय."

मग मी फोनवर व्हिडिओ बघायला लागले. डेपोत दोन फेऱ्यांच्या मध्ये, जेवताना, कपडे वाळत घालताना. कुठल्या कुठल्या देशातल्या बाया तासाभरात डोकं पालटून दाखवायच्या, हसत हसत. तिथं मला क्लोजर विग हा शब्द कळला. डोक्याच्या पुढच्या भागात, कपाळाच्या वर, तळहाताएवढी बारीक जाळी असते आणि तिच्यावर एकेक केस गाठ मारून बसवलेला असतो. जाळीतून खालची कातडी दिसते, म्हणून भांग खरा वाटतो. बाकीच्या टोपीवर केसांच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. मला एवढंच पाहिजे होतं. तळहाताएवढी जागा.

डेपोतल्या एका मैत्रिणीनं पत्ता दिला. कटकट गेटच्या आत एक बाई नवऱ्या मुली सजवतात, विगही शिवतात; सगळे त्यांना बाजी म्हणतात, म्हणजे ताई. पडदा लावलेली एक खोली, एक आरसा, एक शिलाई मशीन आणि टेबलावर थर्माकोलचं मुंडकं. बाजी पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. नवऱ्याच्या नोकरीपायी बरीच वर्षं मस्कतला होत्या. तिथं शेजारी झांजीबारची एक बाई राहायची, तिच्याकडून ही शिलाई शिकल्या. माझं डोकं त्यांनी टेपनं मोजलं, कानापासून कानापर्यंत, कपाळापासून मानेपर्यंत. सात महिन्यांत डॉक्टर सोडून कुणी माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. मला एकदम रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"काम क्या करते?" त्यांनी विचारलं.

"एसटीत कंडक्टर."

"फिर तो छोटे बाल लो बाजी. हवा, पसीना, धक्का. कंधे तक बस."

"नाही. कमरेपर्यंत पाहिजेत. आणि वेणी घालायचीय, घट्ट."

त्यांनी टेप खाली ठेवली. "क्लोजर में घट्ट चोटी नक्को. ये देखो," त्यांनी माझ्या टाळूवर चार बोटं टेकवली, "इतनाच सच्चा दिखता. पीछे खींचे तो पूरी सिलाई दिखती. गर्दन पर टोपी का किनारा दिखता."

"मग पूर्ण जाळीचा करा."

"करती. पर वो नाजुक रहता. तुम्हारी बस में चार महीने में फटता, फिर मेरे पर चिल्लाते."

"मग उपयोग काय तुमच्या क्लोजरचा?"

"उपयोग ये कि भांग सच्चा दिखता. तुमकू भांग होना कि चोटी होना?"

मला दोन्ही पाहिजे होतं. गेलं तेव्हा दोन्ही एकदमच गेलं होतं की! पण हे त्यांना सांगून काय होणार. खांद्याच्या खाली चार बोटं, एवढ्यावर आमचं जमलं. सैल वेणी खांद्यावरून पुढं घेता येईल असं त्यांनी कबूल केलं. मागं सोडायची नाही, ही त्यांची अट.

मग केस निवडायचे. त्यांनी कपड्यात गुंडाळलेल्या जुड्या काढल्या. एक काळीशार, शाईसारखी. "हा रंगवलाय," मी म्हणाले. एक सरळसोट, कुठंही वळण नाही. माझे केस शेंड्याला थोडे वळायचे. एक जुडी हातात घेतली तर पटकन गुंता झाला. बाजी म्हणाल्या, "वो कंघी का बाल है. उलटा-सीधा जमा करते, इसलिए उलझता." म्हणजे विंचरताना गळालेला, घराघरांतून गोळा केलेला.

मला आमचं घर आठवलं. आई विंचरून निघालेले केस बोटाभोवती गुंडाळून खिडकीतल्या डब्यात टाकायची. माझे, तिचे, आत्याचे. केसांवर भांडी देणारी बाई गावात आली की डबा तिच्या पाटीत रिकामा व्हायचा आणि बदल्यात स्टीलची एक वाटी मिळायची. त्यातल्या तीन वाट्या अजून माझ्या घरात आहेत. नवरा त्यांत चिवडा खातो. त्या खोलीत ती गुंत्याची जुडी हातात धरून मला स्वतःचाच इतका संताप आला की बाजींनी ती हळूच काढून घेतली. "ये तुमकू नक्को," त्या म्हणाल्या, आणि एकाच वेणीतून कापलेली दुसरी जुडी समोर ठेवली. काळ्यात किंचित तपकिरी, शेंड्याला वळण. ती मी घेतली.

जाळीचं निराळंच. एक पांढरट, एक गव्हाळ, एक गडद. माझी टाळू आधी वीस वर्षं तेलात मुरलेली, मग उन्हात रापलेली. एकही रंग जुळेना. बाजींनी गव्हाळ जाळी कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवली, वाळवली, माझ्या कपाळाला लावून बघितली, पुन्हा बुडवली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "अब बराबर." मला अजून पिवळी दिसत होती. मी तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "बल्ब पिवळा हाय," चक्क मराठीत.

पहिला विग पंधरा दिवसांनी तयार झाला आणि वाया गेला. जाळीवर केसांच्या गाठी असतात, त्या भांगात काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, म्हणून त्यांना ब्लीच लावतात. ब्लीच जास्त पातळ झालं आणि जाळीतून वर पाझरलं. भांगाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर केस संत्र्याच्या सालीच्या रंगाचे. बाजींनी झाकायचा प्रयत्न केला नाही. "मेरी गलती," त्या म्हणाल्या. "चेन्नई से दूसरा टुकडा मंगाती." लग्नाला तीन आठवडे उरले होते. मी घरी येऊन भांडी आपटली. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी म्हणाले भांगाला गंज चढला. त्यांना काही कळलं नाही, आणि त्यांनी परत विचारलंही नाही.

दुसरा तुकडा आला, शिवला. या वेळी गाठी नीट फिकट झाल्या. मग बाजींनी विग थर्माकोलच्या मुंडक्यावर टाचला, चिमटा घेतला आणि भांगाच्या कडेचे केस उपटायला सुरुवात केली.

"हे काय करताय?"

"इतना घना भांग किसका रहता? पतला करना पडता."

एकेक केस. चिमटा, झटका, कागदावर ठेवायचा. डोकं साफ होईपर्यंत मी उशीवरून, कुर्त्यावरून, जेवणाच्या ताटातून एकेक केस उचलला होता, आणि आता मी निवडून घेतलेले केस ही बाई माझ्या डोळ्यांसमोर उपटत होती. मी तोंड फिरवून पडद्याकडं बघत बसले. "बस झालं," मी तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी चिमटा ठेवला. मग गरम इस्त्रीनं भांगाची ओळ बसवली, वर थोडी पावडर. आणि मला घातला.

आरशात भांग होता. मधोमध, सरळ. मी आरशाच्या आणखी जवळ सरकले. मग मी म्हणाले, "डावीकडं जरा कललाय."

"सिर हिल्या तुम्हारा," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर कळलं की विग घेणं सोपं होतं, ठेवणं अवघड. चैत्राचं ऊन. टोपीखाली घाम साचायचा आणि जाळी कपाळाला चिकटवायची टेप दुपारपर्यंत सुटायची. केस धुवायला भरपूर पाणी लागतं, आणि आमच्या कॉलनीत नळ आठवड्यातून एकदा येतो. बोअरच्या पाण्यानं धुतला तर केस सुतळीसारखे राठ. मग पिण्याच्या पाण्यातून दोन हंडे बाजूला ठेवले. नवरा म्हणाला, "माणसांना पाणी नाही आणि टोपीला दोन हंडे." मी म्हणाले, "माणसांना म्हणजे कुणाला? मी कोण आहे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता टाकीजवळ एक वेगळा ड्रम आणून ठेवला. त्याचंही मी कौतुक केलं नाही, इतकी मी त्या दिवसांत कावलेली होते.

लग्नाच्या आधी सवय व्हावी म्हणून एका सोमवारी विग घालूनच ड्यूटीवर गेले. पैठणची फेरी, बाजूच्या गावात जत्रा, बस खच्चून भरलेली. चितेगावच्या पुढं एका माणसाच्या पिशवीचा बंद माझ्या केसांत अडकला. त्यानं झटका दिला, "सॉरी ताई" म्हणाला आणि पिशवी सुटली. मी तिकिटं फाडत मागं गेले, पुढं आले, बेल दिली, दोघांची भांडणं सोडवली, एका बाईचं पोर घेऊन उभी राहिले. बिडकीनला उतरले तेव्हा चहाच्या टपरीवरच्या आरशात स्वतःला बघितलं. भांग उजव्या कानावर होता. सगळा विग फिरला होता, वेणी तोंडासमोर. चितेगाव ते बिडकीन मी तशी बसभर फिरले, आणि एकानंही सांगितलं नाही.

ड्रायव्हर माझ्याबरोबर बरीच वर्षं आहेत, भल्या मनाचा माणूस. त्यांना विचारलं, "तुम्ही आरशात बघत होता ना मागं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

ते चहा ओतता ओतता थांबले. "मला वाटलं फ्याशन हाय," म्हणाले.

ड्यूटी संपल्यावर मी तशीच कटकट गेटला गेले. बाजींच्या टेबलावर विग ठेवला. "हे ठेवा तुमच्याकडं. मला नको." एक नवरी मेंदी काढून घेत बसली होती, ती माझ्या उघड्या डोक्याकडं बघतच राहिली. मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

बाजींनी विग उलटा करून बघितला. "अंदर के क्लिप नहीं लगाए तुम."

"क्लिप कशाला लावू? केसांना लावायचे असतात ना क्लिप? कुठायत केस?"

त्यांनी विग खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "सच्ची बात है. मेरे ध्यान में नहीं आया." इतके दिवस माझं डोकं हाताळूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि हे ऐकून मला का कोण जाणे जरा बरं वाटलं. त्यांनी चारही क्लिप उसवून काढले, आतून मानेपाशी रुंद इलॅस्टिक शिवलं आणि खाली घालायला मखमलीची एक पट्टी दिली, ती डोक्याला धरून राहते. मला घालून दोन्ही हातांनी माझं डोकं गदागदा हलवलं. विग हलला नाही. मान दुखली.

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे कार्यालयाच्या खोल्यांत उतरलो होतो. सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा विग तांब्यावर पालथा घालून ठेवला होता. आदल्या दिवशी धुतलेला, शेंडे वळवलेले, भांग इस्त्री केलेला. बाहेर आले तर आई पलंगावर बसलेली. मांडीवर माझा विग. तिनं तो खोबऱ्याच्या तेलानं चपचपीत केला होता, वर वेणी घालत होती. घट्ट, तीन पेडांची, शेवटी लाल रिबीन. तिचे हात तेलानं चमकत होते आणि चेहरा इतका खुश की बऱ्याच महिन्यांत बघितला नव्हता.

"किती रखरखीत झाले व्हते गं," ती म्हणाली. "तेलच नाय लावलंस."

मी किंचाळले. पाहुण्या बाया दारात जमल्या. ते केस शिवलेले आहेत, तेलानं टेप धरत नाही, घट्ट वेणीनं शिवण दिसते, मी किती हंडे पाणी घातलंय, किती खेपा घातल्या, तुला विचारायला काय झालं होतं, हे सगळं मी लुगड्यातल्या त्या साठी ओलांडलेल्या बाईला दहा जणींसमोर सुनावलं. आईनं वेणी सोडायला सुरुवात केली. पण तेलकट केस सोडले की लोंबकळायला लागले, जाळीला चिकटले, आणि पट्ट्यांच्या ओळी आणखीच दिसायला लागल्या. धुवायला वेळ नव्हता. बाहेर सनई लागली होती.

"घाल तशीच वेणी," मी शेवटी म्हणाले. "पण सैल."

तिनं सैल घातली. नंतर दोन गजरे शिवणीच्या ओळींवर आडवे माळले आणि पिनांनी टाचले. टेप धरलीच नाही. सगळा भार त्या मखमलीच्या पट्टीवर. मंगलाष्टकं होईपर्यंत मी मान हलवली नाही. अक्षता टाकताना हात वर केला तो फक्त कोपरापासून. पोरीला निरोप देताना ती गळ्यात पडली, तेव्हा मी दोन्ही हातांनी तिला धरायचं सोडून एक हात डोक्यावर ठेवला. फोटोत तसंच आलंय: ती रडतेय, आणि मी कुणाला तरी सलामी देत असल्यासारखी उभी.

सगळ्या बाया म्हणाल्या, "अगदी पहिल्यासारखी दिसतीस." त्यांना बरं वाटलं. मला वाटलं नाही. दीड महिना मी चहाच्या पाण्यापासून इस्त्रीपर्यंत जे जे केलं ते कुणाला दिसलं नव्हतं. दिसलं ते तेल.

पंगती उठल्यावर आई मागच्या बाजूला हात धूत होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"मला वाटलं, केस हायत तर तेल पाहिजेच," ती म्हणाली. "शिवलेल्याला नाय लावत हे मला काय म्हाईत."

"कुणालाच माहीत नसतं," मी म्हणाले. "मलाही नव्हतं."

"लोकांसमोर नको बोलत जाऊ मला."

"नाही बोलणार."

मी तिचे हात माझ्या पदराला पुसले. पुढं तिनं तो विषय काढला नाही. ती काढत नाही, हे मला जास्त टोचतं.

विग घेऊन गेले तर बाजींनी कपाळावर हात मारला. तीन वेळा शाम्पू, तरी तेलाचा वास गेला नाही. जाळी कडेनं विरली होती, ती बदलली. उन्हाळा सरता सरता माझ्या मानेपाशी पांढरी लव आली, पिल्लाच्या अंगावर असते तशी. डॉक्टर म्हणाले, बघू. घरी नवरा ती रोज बोटानं चाचपून बघायचा, मला न सांगता, मी झोपलेय असं समजून. मी जागी असते हे मीही त्यांना सांगितलं नाही. दिवाळीपर्यंत ती गेली. नवरा एकदाच म्हणाला, "परत येईल." मी म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मग मलाच वाईट वाटलं.

आता माझी ड्यूटी फर्दापूरच्या गाडीवर असते. लांबचा रस्ता, गर्दी कमी, वारा जास्त. वाऱ्यासाठी केस आखूड पाहिजेत असं आता मलाच वाटायला लागलं होतं, म्हणून मागच्या रविवारी बाजींना म्हणाले, दोन बोटं कापा. त्यांनी चार कापली. "दो बोलके तुम हमेशा चार चाहते," म्हणाल्या. मी पडदा सारून निघून आले आणि पूर्ण आठवडा त्यांचा फोन उचलला नाही. काल अजिंठ्याचा घाट उतरताना इलॅस्टिकची शिलाई उसवली. उद्या सुट्टी आहे. जावं तर लागणारच.